मेंदूविज्ञानातली पहिली ग्रँट: रकमेच्या आधी मुदत बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे तुमच्यासारख्या इतरांनाही उत्तराचा उपयोग होईल. तुम्ही परळच्या एका संस्थेत पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला आहात, घर डोंबिवलीला. उंदराच्या पिल्लांना लहानपणी आईपासून दूर ठेवलं तर मोठेपणी त्यांच्या मेंदूतल्या भीतीच्या सर्किटमध्ये काय बदलतं, हा तुमचा विषय. थीसिस जमा झाली की फेलोशिप थांबणार. याच क्षेत्रात राहून पुढे स्वतःची लॅब उभी करायची इच्छा आहे. कुठे अर्ज करू, परदेशात जायलाच हवं का, आणि मधल्या काळात पैशाचं काय, असं तुम्ही विचारलंय. मुंबईत मेंदूविज्ञानाची लॅब चालवण्यात आणि निवड समित्यांवर तरुणांचे अर्ज वाचण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्या अनुभवावरून सांगते.

फेलोशिपची जाहिरात आली की नजर आधी रकमेकडे जाते. तुम्ही आधी मुदत बघा. आमच्या क्षेत्रात तरुण माणूस अडतो तो प्रयोग अर्ध्यावर असताना ग्रँट संपते तेव्हा.

तुमच्याच प्रयोगाचं गणित करू. उंदरीण साधारण तीन आठवडे गाभण असते. पिल्लं झाली की दुसऱ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत रोज तीन तास आईपासून दूर ठेवायची. मग ती मोठी होईपर्यंत थांबायचं. चाचण्या सुरू होतात तेव्हा जन्माला दोन-अडीच महिने झालेले असतात. वागणुकीच्या चाचण्या, त्यानंतर मेंदूचे काप, स्टेनिंग म्हणजे पेशी रंगवून दिसतील असं करणं, मोजणी. एक तुकडी पार पडायला चार-पाच महिने सहज जातात. शिवाय एका आईची आठ पिल्लं म्हणजे आठ स्वतंत्र प्राणी नव्हेत. ती एकाच वेताची, एकाच आईने वाढवलेली असतात, त्यामुळे हिशेबात वेत हाच एकक धरावा लागतो. म्हणजे प्रत्येक गटात पुरेशी वेतं हवीत, त्यात नर आणि मादी दोन्ही हवेत. आता त्यात ठरावीक चेतापेशी प्रकाशाने चालू-बंद करायच्या असतील तर ट्रान्सजेनिक, म्हणजे जनुकांत मुद्दाम बदल केलेले उंदीर लागणार. आयातीची परवानगी, विलगीकरण, प्रजनन, दोन वाणांचा संकर. पहिला उपयोगी प्राणी हाती येईपर्यंत वर्ष उलटतं. त्याआधी प्राणी-नैतिकता समितीची आणि जैवसुरक्षा समितीची मंजुरी असते ती वेगळीच. दोन वर्षांच्या ग्रँटमध्ये हे काम बसवायला गेलात तर दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हातात एक तुकडी आणि अर्धवट उत्तर राहील. आणि पुढच्या अर्जात लोक विचारतील, पहिल्या ग्रँटमधून निघालं काय?

म्हणून तुमच्या टप्प्यावर मी सगळ्यात आधी इंडिया अलायन्सच्या अर्ली करिअर फेलोशिपचं नाव घेईन. जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट यांनी ही व्यवस्था २००८ मध्ये सुरू केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिच्या तिसऱ्या टप्प्याला मंजुरी दिली: १,५०० कोटी रुपये, त्यातले १,००० कोटी जैवतंत्रज्ञान विभागाचे आणि ५०० कोटी वेलकमचे. फेलोशिप पाच वर्षांची असते, त्यात तुमचा पगारही असतो आणि संशोधनाचा खर्चही. वयाची अट नाही. पीएचडीनंतर किती वर्षं झाली ते पाहिलं जातं आणि मध्ये घरच्या कारणाने खंड पडला असेल तर तो धरला जातो. पीएचडीच्या शेवटच्या वर्षातही अर्ज करता येतो, म्हणजे तुम्ही आजच पात्र आहात. नोकरी हातात असण्याची गरज नाही, पण तुम्हाला जागा आणि सोयी द्यायला तयार असलेली भारतातली होस्ट संस्था हवी. आधी प्राथमिक अर्ज, मग सविस्तर अर्ज, मग मुलाखत असा क्रम आहे आणि त्यात बरेच महिने जातात. थीसिस जमा झाल्यावर बघू असं म्हणू नका. तेव्हा उशीर झालेला असेल.

दुसरा पर्याय नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिपचा. पूर्वी ती एसईआरबी या केंद्राच्या विज्ञान-अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडे होती, आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन म्हणजे एएनआरएफकडे आहे. ती दोन वर्षांची. उंदरांवरच्या तुमच्या प्रयोगासाठी ही मुदत अपुरी आहे. पण जिथे वाण तयार आहेत, मायक्रोस्कोप चालू आहे आणि समित्यांची मंजुरी आधीच घेतलेली आहे अशा लॅबमध्ये जाणार असाल तर जरूर घ्या. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप पाच वर्षांची आहे आणि स्वतंत्र काम करू देते. मात्र पाच वर्षांनी कायम जागा मिळेलच याची हमी तिच्यात नाही. या फेलोशिपवर आलेल्या माणसासाठी जागा निघण्याची शक्यता आहे का, हे संस्थेच्या प्रमुखांना पहिल्याच भेटीत विचारावं. आपल्याकडे मुलं असं विचारायला संकोचतात, मुली तर जास्तच. विचारा. उत्तर टाळलं गेलं तर तेही उत्तरच आहे.

नियमित जागा मिळाल्यावर, म्हणजे सहायक प्राध्यापक किंवा तत्सम पदावर, एएनआरएफची पंतप्रधान अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे: तीन वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत आणि संस्थेचा ओव्हरहेड, म्हणजे जागा, वीज, प्रशासन यांचा खर्च, वेगळा. एसईआरबीच्या काळात नव्या प्राध्यापकाला दोन वर्षांची स्टार्ट-अप ग्रँट मिळायची. दोनाची तीन वर्षं झाली याचं मला वाढीव रकमेपेक्षा जास्त समाधान आहे. माणसांवर, म्हणजे ईईजी, स्मृती, भाषा, निर्णय घेणं अशा विषयांवर काम करणाऱ्यांनी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा कॉग्निटिव्ह सायन्स रिसर्च इनिशिएटिव्ह पाहावा. तोही २००८ पासून आहे आणि मानसशास्त्र, संगणकशास्त्र, भाषाशास्त्रातून आलेल्यांनाही खुला आहे.

होस्ट संस्था निवडताना नावापेक्षा तिचं ॲनिमल हाऊस, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवायची जागा बघा. मुंबईत मेंदूविज्ञानाला परंपरा आहे. १९६२ मध्ये होमी भाभांनी तिशीतल्या ओबेद सिद्दिकींना टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये बोलावून रेणवीय जीवशास्त्राचं युनिट उभं करू दिलं. सत्तरच्या दशकात सिद्दिकी फळमाश्यांच्या चेतासंस्थेकडे वळले, अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञ सेमूर बेन्झर यांच्यासोबत त्यांनी तापमान वाढलं की लुळ्या पडणाऱ्या माश्यांचे म्युटंट शोधले आणि पुढे मुंबईत वास आणि चव यांच्या आनुवंशिकीवर काम उभं राहिलं. एका तरुणावर दीर्घकाळ विश्वास टाकला तर काय उभं राहतं याचं मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. तुमच्या विषयाच्या अगदी जवळचं काम विदिता वैद्य यांचं: २००० साली एकोणतिसाव्या वर्षी त्या टीआयएफआरमध्ये रुजू झाल्या, पहिली काही वर्षं वेलकम ट्रस्टच्या फेलोशिपचा आधार होता आणि भावनांचं सर्किट, सेरोटोनिन, लहानपणचा ताण यांवरच्या कामासाठी २०२२ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. सुरुवातीलाच मिळालेल्या अनेक वर्षांच्या निधीमुळे हळू चालणारा प्रश्न हाती धरता येतो, तो असा.

ॲनिमल हाऊसबद्दल मुंबईचं म्हणून एक सांगायला हवं. पावसाळ्यात इथली हवा किती दमट होते हे तुम्हाला माहीत आहे. उंदरांच्या खोलीत आर्द्रता आणि तापमान स्थिर नसेल, शेजारी इमारत पाडण्याचं किंवा पायलिंगचं काम चालू असेल, तर माद्या पिल्लं नीट सांभाळत नाहीत, वेतं वाया जातात. आईच्या वागणुकीवरच तुमचा प्रयोग उभा असल्याने हा धोका तुम्हाला इतरांपेक्षा जास्त आहे. एसीला बॅकअप आहे का, डीह्युमिडिफायर चालतात का, उलट्या प्रकाशचक्राची, म्हणजे दिवसा अंधार ठेवता येईल अशी खोली आहे का, हे प्रत्यक्ष जाऊन पाहा. जुलैमध्ये जा. मार्चमध्ये सगळ्यांचीच खोली चांगली दिसते.

आता अर्ज लिहिण्याबद्दल. समितीवर बसल्यावर मी दोन गोष्टी शोधते. पहिली, हा प्रश्न अर्जदाराचा स्वतःचा आहे की गाइडच्या प्रश्नाची पुढची पायरी? तुमच्या बाबतीत हे नक्की विचारलं जाईल. ताणामुळे प्रौढ प्राण्यांमध्ये भीती वाढते हे तुमच्या गाइडचं काम असेल तर त्यापुढचा कोणता तुकडा तुमचा? समजा तुम्ही म्हणालात की नर आणि मादी यांच्यात हा बदल वेगळ्या वयात दिसू लागतो आणि मला तो काळ पकडायचा आहे. मग तो तुमचा प्रश्न झाला. गाइडशी आत्ताच मोकळेपणी बोलून कोणता भाग तुम्ही घेऊन जाणार हे ठरवा आणि ते ईमेलवर लिहून ठेवा. चांगल्या संबंधांतही हे लिहिलेलं असलं की पुढे कुणाच्या मनात किंतू राहत नाही.

दुसरी गोष्ट बजेट. अर्जदाराने प्रयोग खरंच मनात करून पाहिला आहे की नाही, हे मला बजेटवरून कळतं. पिंजऱ्यांचा दररोजचा खर्च धरलाय का? अँटिबॉडी आणि व्हायरल व्हेक्टर (पेशीत जनुक पोचवणारे निरुपद्रवी केलेले विषाणू) बाहेरून येतात, ते कोरड्या बर्फात सहार एअर कार्गोला उतरतात. कस्टम्सच्या कागदात एखादी त्रुटी राहिली, शनिवार-रविवार मध्ये आला, तर बर्फ संपतो आणि माल खराब होतो. एक खेप पुन्हा मागवावी लागेल असं धरूनच आकडा टाका. कर बदलत असतात. संशोधन उपकरणांवरची ५ टक्के जीएसटीची सवलत जुलै २०२२ मध्ये गेली. २०२४ च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं आयातशुल्क १० वरून १५० टक्क्यांवर नेलं आणि ओरड झाल्यावर प्रत्यक्ष वापर करणाऱ्यांसाठी ते लगेच मागे घेतलं. काही दिवसांचीच गोष्ट, पण तेवढ्यात अनेकांच्या ऑर्डरी अडकल्या. खरेदीच्या नियमांत मात्र जून २०२५ मध्ये चांगला बदल झाला: क्वोटेशनशिवाय थेट खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर गेली आणि जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलच्या बाहेरून वैज्ञानिक वस्तू घ्यायची मुभा संस्थाप्रमुखांना मिळाली. तुमच्या होस्ट संस्थेच्या परचेस विभागाने हे अमलात आणलं आहे का, तेही विचारून घ्या.

मोठं उपकरण मागण्याचा मोह आवरा. जिवंत मेंदूत खोलवर पाहता येणारा टू-फोटॉन मायक्रोस्कोप संस्थेत किंवा शहरात कुठे आहे ते शोधा, वापराचं शुल्क बजेटमध्ये टाका आणि वाचलेल्या पैशात एक माणूस पाच वर्षांसाठी मागा. वागणुकीच्या चाचण्या रोज त्याच वेळी, त्याच हाताने व्हाव्या लागतात. माणूस बदलला की आकडे बदलतात.

ग्रँट मंजूर झाली म्हणजे पैसे आले असं नाही. केंद्राचा पैसा हप्त्यांनी येतो. आधीच्या हप्त्याचं यूसी, म्हणजे पैसे वापरल्याचं प्रमाणपत्र, आणि खर्चाचं विवरण गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. शून्य शिलकीच्या खात्यांच्या पद्धतीत ३१ मार्चला न वापरलेली रक्कम परत जाते आणि नव्या वर्षात ती पुन्हा येईपर्यंत उंदीर मात्र रोज खातात. म्हणून उंदरांचं खाद्य, बेडिंग, एसीची देखभाल यांचा एप्रिल ते जूनचा भार संस्थेच्या कोअर फंडातून उचलला जाईल का, हे होस्टच्या पत्रातच लिहून घ्या. अकाउंट्समधल्या माणसाशी पहिल्या आठवड्यात ओळख करून घ्या आणि यूसी मागितल्याची वाट न पाहता एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात तयार ठेवा. एका चांगल्या संस्थेत, सगळी कागदपत्रं वेळेवर देऊनही, माझ्या लॅबमधल्या मुलांचे पगार काही महिने थकलेले मी पाहिले आहेत. घरचा आधार असलेली मुलं टिकली. एक मुलगा सोडून गेला. त्याच्याइतका स्वच्छ हात शस्त्रक्रियेत मी त्यानंतर पाहिलेला नाही.

यावरून तुमच्या मधल्या काळाच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही सीनियर रिसर्च फेलो असाल तर २०२३ च्या दरांनुसार ४२,००० आणि मुंबईचा ३० टक्के घरभाडे भत्ता धरून महिन्याला ५४,६०० हाती येत असतील. थीसिस जमा झाली की हे थांबतं. म्हणून व्हायवा होईपर्यंतच्या काळासाठी गाइडच्या किंवा शेजारच्या लॅबच्या प्रोजेक्टमध्ये असोसिएटची जागा आहे का, ते आत्ताच बघा. पीएचडी मिळाल्यावर रिसर्च असोसिएटचा पहिला दर ५८,००० अधिक घरभाडे असा आहे. प्रोजेक्ट दुसऱ्याचा असतो, वेळ जातो, हे खरं. पण त्यात नवं तंत्र शिकता येत असेल तर घ्यावं. तुमच्या मागून पीएचडीला येणाऱ्यांसाठी जाता जाता सांगते: सीएसआयआर-यूजीसी नेट आणि जैवतंत्रज्ञान विभागाच्या (डीबीटी) परीक्षेपलीकडे महाराष्ट्रात बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्याही संशोधन फेलोशिप आहेत आणि विज्ञान शाखेतली पात्र मुलं त्यांना बरेचदा अर्जच करत नाहीत.

परदेशात जायलाच हवं का? नाही. पण जिथे शिकलात तिथून बाहेर पडायला हवं. ते बाहेर म्हणजे बंगळुरू, पुणे किंवा राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र असलेलं हरियाणातलं मानेसरही चालेल. अमेरिकेबद्दल सावध राहा. तिथली के-९९ ही पोस्टडॉकमधून स्वतंत्र लॅबकडे नेणारी उत्तम योजना आहे, नागरिकत्वाची अट नाही. पण तिचा दुसरा टप्पा अमेरिकेतल्या संस्थेतच वापरता येतो. परत यायचं मनात असेल तर हे लक्षात ठेवा. शिवाय तिथल्या ब्रेन इनिशिएटिव्ह या सरकारी मेंदू-संशोधन कार्यक्रमाचा निधी २०२३ मध्ये ६८ कोटी डॉलर होता, २०२४ मध्ये ४०.२ कोटी आणि २०२५ मध्ये ३२.१ कोटींवर आला. युरोपसाठी एम्बोची, म्हणजे तिथल्या रेणवीय जीवशास्त्र संघटनेची पोस्टडॉक फेलोशिप बघा. भारत २०१६ पासून तिथे सहयोगी सदस्य आहे. ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्राम विषय बदलून नव्या दिशेला जाणाऱ्याला मदत करतो, भारत त्याचाही सदस्य आहे. तुमच्यासारखी वागणुकीवर काम केलेली मुलगी संगणकीय मॉडेलिंग शिकायला जाणार असेल तर तिथला अर्ज जोरकस होईल. इब्रो, म्हणजे १९६१ ची आंतरराष्ट्रीय मेंदू संशोधन संघटना, प्रवासाला आणि प्रशिक्षण शाळांना छोटी मदत करते. पहिल्या परदेशी ओळखी तिथेच होतात. परत येताना रामलिंगस्वामी री-एन्ट्री फेलोशिप आहे, तीही पाच वर्षांची.

तुमच्या काही मैत्रिणी केईएम किंवा नायरला न्यूरॉलॉजी, मानसोपचार शिकत असतील तर त्यांना सांगा की इंडिया अलायन्सची डॉक्टरांसाठी वेगळी फेलोशिप आहे आणि तिच्यासाठी पीएचडी लागत नाही. वॉर्डची ड्युटी करून उरलेल्या वेळात संशोधन होत नाही. संशोधनासाठी राखलेला वेळ संस्थेकडून लेखी मिळवणं हाच तिथला कळीचा मुद्दा.

आणखी एक मनापासून सुचवते. मुख्य प्रश्नासोबत एक हलका प्रश्न ठेवा, जो पैसे अडले तरी चालू राहील. फळमाशीची पिढी २५ अंशांवर दहा दिवसांत तयार होते आणि ती काचेच्या नळीत वाढते. ते जमत नसेल तर ॲलन संस्थेचे मेंदूचे नकाशे, ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट, ओपनन्यूरो यांवरचा डेटा मोफत आहे. ताणाशी संबंधित जनुकं मेंदूच्या कोणत्या भागात व्यक्त होतात हे तुम्ही डोंबिवलीच्या घरात बसून तपासू शकता, आणि त्यातून निघालेला एखादा तक्ता मुख्य अर्जातच पुरावा म्हणून लावता येतो.

हे सगळं तुम्ही कराल, पण एक गोष्ट तुमच्या हातात नाही, ती संस्थांना आणि या शहरातल्या कंपन्यांना उद्देशून सांगते. एएनआरएफसाठी पाच वर्षांत ५०,००० कोटींची कल्पना मांडली आहे आणि त्यातला मोठा वाटा सरकारबाहेरून यायचा आहे. सरकारी विद्यापीठं, आयआयटी आणि राष्ट्रीय प्रयोगशाळांतल्या संशोधनाला दिलेला पैसा २०१९ पासून सीएसआरमध्ये, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या खर्चात धरला जातो, आणि देशातल्या कितीतरी मोठ्या कंपन्यांची मुख्य कार्यालयं इथे आहेत. देणाऱ्यांना इमारतीवर नाव हवं असतं, हे मी समजू शकते. पण एका रिसर्च असोसिएटला मुंबईच्या घरभाडे भत्त्यासह सहा महिने सांभाळायला लागतात सुमारे साडेचार लाख रुपये. वर्षाला दहा जणांना असा आधार द्यायचा तर ४५ लाख. तेवढ्यात दोन ग्रँटमधल्या खंडामुळे क्षेत्र सोडणारी माणसं थांबतील, त्यांनी वाढवलेले वाण मरणार नाहीत, त्यांचं अर्धवट काम पूर्ण होईल. अशी सोय एखाद्या संस्थेने केली तर समितीतली माझी शिफारस मी आधी तिथल्या मुलांसाठी लिहीन, कारण तिथे दिलेला पैसा वाया जाणार नाही अशी मला खात्री असेल.

तुम्ही मात्र या महिन्यात एवढं करा. प्राथमिक अर्जाचा मसुदा दोन पानांत लिहा आणि दोघांना वाचायला द्या: एक मेंदूविज्ञानातली व्यक्ती, एक वनस्पतिशास्त्र किंवा रसायनशास्त्रातली. दुसऱ्या व्यक्तीला तुमचा प्रश्न का महत्त्वाचा आहे हे कळलं नाही तर समितीतल्या निम्म्या लोकांनाही कळणार नाही. आणि जी संस्था होस्ट म्हणून डोळ्यांसमोर आहे, तिथल्या ॲनिमल हाऊसच्या प्रमुखांना लेखी विचारा की पाच वर्षं किती पिंजरे मिळतील आणि दर काय पडेल. ते उत्तर आल्यावरच बजेट लिहायला घ्या.